व्हर्च्युअल मशीनची स्क्रीन काळी पडते तेव्हा: ग्राफिक्स ड्रायव्हरचा गुंता टप्प्याटप्प्याने सोडवणं

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, उबुंटू लिनक्स नीट इन्स्टॉल झालं, एकदा लॉगिनही झालं, आणि रीस्टार्ट केल्यावर समोर नुसती काळी स्क्रीन. कुणाची स्क्रीन येते, पण ८०० बाय ६०० वर अडून बसते. कुणाकडे विंडो ओढली की मागे तिचे तुकडे रेंगाळतात, तर कुणाकडे आतल्या सिस्टीममध्ये व्हिडिओ लावताच अख्ख्या लॅपटॉपची स्क्रीन क्षणभर विझून परत येते. इंजिनिअरिंगच्या मुलांना लिनक्सचं प्रॅक्टिकल घरच्या लॅपटॉपवर करायचं असतं, कुणाला ऑफिसचं जुनं सॉफ्टवेअर वेगळ्या विंडोजमध्ये चालवायचं असतं, आणि दोघांचीही संध्याकाळ यातच जाते.

अशा वेळी बरेच जण एकच उपाय करतात. लॅपटॉपवर एनव्हिडियाचं स्टिकर दिसतं, म्हणून व्हर्च्युअल मशीनच्या आत एनव्हिडियाचा ड्रायव्हर घालायला जातात. कृपा करून हे करू नका. साध्या व्हर्च्युअल मशीनला तुमचं एनव्हिडियाचं कार्ड दिसतच नाही. आतल्या सिस्टीमला एक बनावट कार्ड दाखवलेलं असतं आणि तिला ड्रायव्हर लागतो तो त्या बनावट कार्डाचा. खऱ्या कार्डाचा ड्रायव्हर आत घातल्याने काहीच सुधारत नाही, उलट जे चालत होतं तेही बंद पडू शकतं.

खालची मांडणी मुख्यतः एका नेहमीच्या जोडीवर आहे: बाहेर विंडोज ११, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स ७ (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम), आणि आत उबुंटू. आत विंडोज असेल, किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरत असाल, तर काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. बाहेरच्या खऱ्या सिस्टीमला होस्ट आणि आतल्या सिस्टीमला गेस्ट म्हणतो. आज्ञा इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

ड्रायव्हर एक नसतो, तीन थर असतात

गेस्टमधल्या एखाद्या ॲपने स्क्रीनवर काही काढायला सांगितलं की ती विनंती आधी गेस्टच्या ड्रायव्हरकडे जाते. तो ती बनावट कार्डाला देतो. बनावट कार्ड म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचाच एक भाग. तो दुभाष्यासारखा ती विनंती होस्टच्या भाषेत सांगतो. व्हर्च्युअलबॉक्स ७.० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून थ्रीडीचं हे काम विंडोज होस्टवर डायरेक्टएक्स ११ मधून होतं, आणि लिनक्स किंवा मॅक होस्टवर डीएक्सव्हीके हे डायरेक्टएक्सच्या आज्ञांचं भाषांतर करणारं साधन वापरून. शेवटी होस्टचा खरा ड्रायव्हर, म्हणजे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचा, ती विनंती खऱ्या कार्डापर्यंत पोचवतो.

म्हणजे बिघाड होऊ शकेल अशा जागा तीन: होस्टचा ड्रायव्हर, बनावट कार्डाची निवड, आणि गेस्टचा ड्रायव्हर. तिन्हींची लक्षणं वरवर सारखीच दिसतात, काळी स्क्रीन ही तर कुठूनही येऊ शकते. त्यामुळे दोष कोणत्या थरात आहे हे ठरवल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करायचं नाही, काहीही काढायचं नाही. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच एका गोष्टीचा आहे. चार उपाय एकदम केले आणि स्क्रीन आली, तर कशाने आली ते कळत नाही; पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला तीच अडचण पुन्हा आली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

हात लावण्याआधी

व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा. सेव्ह स्टेट करून ठेवलेलं चालणार नाही, कारण त्या अवस्थेत डिस्प्लेच्या सेटिंग्ज बदलता येत नाहीत. मग एक स्नॅपशॉट, म्हणजे नंतर परत येता येईल अशी सध्याच्या अवस्थेची नोंद, घ्या.

आता चार गोष्टी कागदावर लिहून काढा: व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती, आत टाकलेल्या गेस्ट ॲडिशन्सची (व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणारी, गेस्टमध्ये टाकायची पूरक सॉफ्टवेअर्स) आवृत्ती, होस्टच्या कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती, आणि गेस्टचा कर्नल. होस्टच्या ड्रायव्हरची माहिती डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली मिळते. गेस्टचा कर्नल ‘युनेम -आर’ या आज्ञेने दिसतो. पहिल्या दोन आवृत्त्या जुळत नसतील तर निम्मा शोध तिथेच संपण्याची शक्यता आहे. व्हर्च्युअलबॉक्स अपडेट झालं म्हणून आतले गेस्ट ॲडिशन्स आपोआप अपडेट होतातच असं नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

दोष कोणत्या थरात, हे ओळखायची चाचणी

सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा आणि ‘इनेबल थ्रीडी ॲक्सिलरेशन’ची खूण काढा. दुसरं काहीही बदलू नका. ७.१ पासून सेटिंग्जमध्ये बेसिक आणि एक्स्पर्ट असे दोन प्रकार आहेत. एखादा पर्याय दिसत नसेल तर एक्स्पर्ट निवडा. आता मशीन सुरू करा.

थ्रीडी बंद केल्यावर स्क्रीन नीट आली, तर गेस्ट मुळात धड आहे. अडचण थ्रीडीच्या वाटेवर कुठेतरी आहे: बहुतेक वेळा होस्टच्या ड्रायव्हरमध्ये, किंवा लॅपटॉपमधल्या दोन कार्डांच्या निवडीत. थ्रीडी बंद करूनही स्क्रीन काळीच राहिली, तर होस्टचा ड्रायव्हर बऱ्यापैकी निर्दोष धरा आणि बनावट कार्ड व गेस्ट यांच्याकडे वळा.

लॅपटॉपचीच स्क्रीन विझून परत येत असेल तर चाचणीचीही गरज नाही, तो होस्टचा ड्रायव्हर कोसळतो आहे. खात्री करायला विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीममध्ये जा आणि ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा सुरू केला, असा तिचा अर्थ. विंडोज ग्राफिक्स कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट पाहतं आणि मग ड्रायव्हर रीसेट करतं. ही मुदत रजिस्ट्रीतून वाढवण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी सापडतो. मी तो देणार नाही. त्याने नोंद येणं थांबेल, पण ड्रायव्हर का अडकतो हे तसंच राहील आणि स्क्रीन २ सेकंदांऐवजी आणखी जास्त वेळ गोठेल.

होस्ट: विंडोजच्या बाजूची दुरुस्ती

आधी एका अशा गोष्टीकडे बघू जी ग्राफिक्सची वाटते पण ग्राफिक्सची नसते. गेस्ट चालतो, पण माउस अडखळतो, विंडो उघडायला सेकंद-दोन सेकंद लागतात, मेनू तुटक सरकतो. अशा वेळी मशीनच्या विंडोच्या तळाशी, उजवीकडच्या छोट्या चिन्हांत हिरवं कासव दिसतंय का पाहा. दिसत असेल तर प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनचा (व्हर्च्युअल मशीन वेगाने चालवण्याच्या सोयीचा) ताबा हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने, घेतलेला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यावर बसून, हळू रीतीने चालतं आहे. लॉगमध्ये ‘अटेम्प्टिंग फॉल बॅक टू एनईएम’ अशी ओळ सापडते. लॉग पाहायला व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत मशीनवर राइट क्लिक करून ‘शो लॉग’ निवडा.

हायपर-व्ही तुम्ही कधी सुरू केलं नसलं तरी ते चालू असू शकतं. विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमधली ‘मेमरी इंटेग्रिटी’ त्याच पायावर उभी आहे. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आणि त्यावर चालणारं डॉकर डेस्कटॉप (ॲप्स वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) यांनाही तो पाया लागतो. म्हणून इथे आधी ठरवा. डॉकर रोज लागत असेल तर कासवासोबत राहणं आणि गेस्टमध्ये हलका डेस्कटॉप घेणं हाच शहाणपणाचा मार्ग. लागत नसेल तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींच्या खुणा काढा, मेमरी इंटेग्रिटी बंद करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा सुरू करू नका. फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन पूर्ण होत नाही, रीस्टार्ट मात्र पूर्ण होतो. एवढ्यानेही कासव गेलं नाही, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायझरलाँचटाइप ऑफ’ ही आज्ञा द्या. त्यातला शेवटून दुसरा शब्द सलग, एकही जागा न सोडता लिहायचा. शेवटी ऑफऐवजी ऑटो लिहिलं की सगळं पूर्ववत होतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मेमरी इंटेग्रिटी हे खरं सुरक्षाकवच आहे, ते बंद करणं म्हणजे काहीतरी गमावणं. कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बूटच्या किंवा बायोसच्या सेटिंग्ज बदलण्याआधी त्याची रिकव्हरी की दुसऱ्या जागी उतरवून ठेवा. ती नसताना पुढच्या बूटला विंडोजने की मागितली, तर तुमच्यापुढे व्हर्च्युअल मशीनपेक्षा फार मोठा प्रश्न उभा राहील.

आता खरं ग्राफिक्स. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतात: प्रोसेसरमधलं इंटेल किंवा एएमडीचं, आणि वेगळं एनव्हिडिया किंवा एएमडीचं. कोणतं ॲप कोणत्या कार्डावर चालवायचं ते विंडोज ठरवतं, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या बाबतीत ती निवड कधीकधी चुकीची ठरते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स उघडा आणि यादीत ‘व्हर्च्युअलबॉक्सव्हीएम’ ही ईएक्सई फाइल जोडा. प्रोग्राम फाइल्समध्ये ओरॅकलच्या फोल्डरात ती मिळेल. नुसती ‘व्हर्च्युअलबॉक्स’ नावाची फाइल जोडून उपयोग नाही. ती फक्त यादी दाखवणारी मॅनेजरची विंडो आहे, मशीन प्रत्यक्षात चालतं ते ‘व्हीएम’ शेपटी असलेल्या प्रोसेसमध्ये. व्हीएमवेअरमध्ये हीच जागा ‘व्हीएमवेअर-व्हीएमएक्स’ या फाइलची. मग ऑप्शन्समध्ये आधी ‘हाय परफॉर्मन्स’ लावून पाहा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही तर ‘पॉवर सेव्हिंग’. वेगवान कार्डच बरोबर असेल असं गृहीत धरू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये डेस्कटॉप, ब्राउझर आणि एडिटर एवढंच चालवायचं असेल तर इंटेलचं साधं कार्ड पुरेसं असतं आणि लॅपटॉपही कमी तापतो.

यानंतरही होस्ट कोसळत असेल तर ड्रायव्हरकडे या. अडचण अचानक सुरू झाली असेल तर स्वतःला विचारा, त्या आठवड्यात विंडोज अपडेटने ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला का? डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरची तारीख दिसते आणि तिथेच ‘रोल बॅक ड्रायव्हर’चं बटण असतं. बटण फिकट असेल तर मागची आवृत्ती शिल्लक नाही. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. तो नसेल किंवा फार जुना असेल तर इंटेल, एएमडी वा एनव्हिडियाच्या साइटवरून. जुना ड्रायव्हर मुळासकट उपटणारं डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं साधन आहे, ते सेफ मोडमध्ये चालवायचं असतं. ते चांगलं आहे, पण शेवटी वापरायचं. नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवायचा आणि नंतरच जुना काढायचा.

काम चालू असताना होस्टची स्क्रीन गोठलीच, तर पॉवर बटण दाबण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून पाहा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि उघडी कामं सहसा वाचतात.

बनावट कार्ड: एका चुकीच्या निवडीची किंमत

व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्प्लेखाली ‘ग्राफिक्स कंट्रोलर’ असा पर्याय असतो. नावं एकसारखी दिसतात म्हणून गोंधळ होतो. नियम सोपा आहे. आत लिनक्स असेल तर व्हीएमएसव्हीजीए. आत विंडोज ७ किंवा त्यानंतरचं विंडोज असेल तर व्हीबॉक्सएसव्हीजीए. मधलं ‘एस’ नसलेलं व्हीबॉक्सव्हीजीए हे जुनं कार्ड आहे, ते एक्सपीसारख्या जुन्या गेस्टसाठी ठेवा. ६.१ आवृत्तीपासून त्याचा थ्रीडीचा आधार काढून टाकलेला आहे. कुणाकडून मिळालेली जुनी ओव्हीए फाइल (तयार व्हर्च्युअल मशीनची एकत्र बांधलेली फाइल) इंपोर्ट केली की तिच्यासोबत हे जुनं कार्डही येतं, आणि कितीही वेळा गेस्ट ॲडिशन्स टाकले तरी थ्रीडी चालत नाही. कॉलेजात पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या तयार मशीनच्या बाबतीत हे आधी तपासा.

व्हिडिओ मेमरीबद्दल थोडं गणित करून पाहा, म्हणजे स्लायडर का सरकवायचा ते पटेल. एका पिक्सेलला ४ बाइट लागतात. १९२० बाय १०८० च्या एका चित्राला सुमारे ८ एमबी, आणि ३८४० बाय २१६० च्या चित्राला सुमारे ३२ एमबी. मेमरी १६ एमबी असेल तर फुल एचडी कसंबसं भागतं, पण फोर-के मॉनिटरवर मशीन फुल स्क्रीन केलं की चित्र मावतच नाही. मग स्क्रीन काळी पडते किंवा रेझोल्यूशन मागे जातं. १२८ एमबी लावून टाका. ही मेमरी म्हणजे गेम खेळण्याची ताकद नव्हे, त्यामुळे ती वाढवून थ्रीडीचा वेग वाढेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

गेस्टमध्ये उबुंटू

स्क्रीन काळी असली तरी बहुतेक वेळा आतली सिस्टीम जिवंत असते. व्हर्च्युअलबॉक्सची होस्ट की, म्हणजे सहसा उजवीकडची कंट्रोल, आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांची साधी कन्सोल आली, लॉगिन मागितलं, तर उत्तम. दुरुस्ती इथूनच करता येईल.

कन्सोलही आली नाही तर मशीन रीस्टार्ट करा आणि सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. मशीनला ईएफआय लावलेलं असेल तर शिफ्टऐवजी एस्केप दाबा. ग्रबचा, म्हणजे बूटच्या वेळी कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द सलग टाइप करा आणि एफ१० दाबा. यामुळे कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हर सुरू न करता साध्या स्क्रीनवर उठतो. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. तो ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवायचा सल्ला मिळेल, पण तसं केलं तर योग्य ड्रायव्हर कधीच चालू होणार नाही आणि ८०० बाय ६०० चा त्रास कायमचा राहील.

आत शिरलात की पहिली आज्ञा: ‘एलएसपीसीआय -एनएनके’. निकालात ‘व्हीजीए’ असलेली ओळ शोधा. व्हीएमएसव्हीजीए निवडलं असेल तर व्हीएमवेअर एसव्हीजीए टू असं नाव आणि १५एडी:०४०५ हा ओळखक्रमांक दिसेल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमवेअरचं नाव पाहून दचकू नका. ते कार्ड व्हीएमवेअरच्या कार्डाचीच नक्कल आहे. व्हीबॉक्सएसव्हीजीए किंवा व्हीबॉक्सव्हीजीए असेल तर ८०ईई:बीईईएफ दिसेल. त्याच ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असतं. पहिल्या कार्डासाठी तिथे व्हीएमडब्ल्यूजीएफएक्स हवं, दुसऱ्यासाठी व्हीबॉक्सव्हिडिओ. ही ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. मात्र नोमोडसेट लावून आला असाल तर ती नसणारच, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

दोन्ही ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. व्हीएमएसव्हीजीए वापरताना चित्र काढणारा मूळ ड्रायव्हर गेस्ट ॲडिशन्समधून येत नाही. विंडो लहानमोठी केल्यावर रेझोल्यूशन आपोआप बदलणं, क्लिपबोर्ड, शेअर्ड फोल्डर या सोयी तिथून येतात. म्हणून नियम असा: चित्रच येत नसेल तर कर्नलकडे पाहा, चित्र येतं पण आकार बदलत नसेल तर गेस्ट ॲडिशन्सकडे.

मग कर्नलचे निरोप वाचा: ‘सुडो डीएमईएसजी’ चालवून ‘ग्रेप’ने डीआरएम हा शब्द गाळून घ्या. चुकीचे म्हणून नोंदलेले दोन निरोप बरेचदा दिसतात. एकात होस्टकडे लॉगचा निरोप पाठवता आला नाही असं म्हटलेलं असतं. तो निरुपद्रवी आहे. दुसरा नव्या कर्नलांमध्ये दिसतो: व्हीएमडब्ल्यूजीएफएक्स आधार नसलेल्या हायपरव्हायझरवर चालतो आहे, ही रचना बहुधा मोडकी आहे, दुसरं ग्राफिक्स कार्ड निवडा. भीतीदायक वाटतो, पण व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो नीट चालणाऱ्या मशीनवरही येतो. स्क्रीन ठीक असेल तर या निरोपांच्या मागे लागून काही बदलू नका.

आता चित्र कोण काढतंय ते पाहा. ‘मेसा-युटिल्स’ पॅकेज टाका आणि डेस्कटॉपमधल्या टर्मिनलवर ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवा; यातला शेवटचा बी मोठा. ‘रेंडरर’ या ओळीत एसव्हीजीएथ्रीडी असेल तर थ्रीडी खऱ्या कार्डापर्यंत पोचतंय. एलएलव्हीएमपाइप असेल तर सगळी चित्रं प्रोसेसर काढतो आहे. थ्रीडी बंद ठेवल्यावर एलएलव्हीएमपाइप दिसणं अगदी योग्य आहे, तो बिघाड नाही. अभ्यासासाठी, कोडिंगसाठी मी तर हीच स्थिती सुचवेन: थ्रीडी बंद, प्रोसेसरचे २ ते ४ कोअर, आणि ग्नोम या जड डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं झुबुंटू, म्हणजे उबुंटूचाच एक प्रकार. चकचकीत परिणाम नसतात, पण सेमिस्टरच्या मध्येच स्क्रीन जात नाही.

गेस्ट ॲडिशन्स टाकण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही एकत्र वापरले की संघर्ष ठरलेला. एक मार्ग उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजचा, व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११ नावाचा. दुसरा डिव्हाइसेस मेनूतून ‘इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज’ करून आतला इन्स्टॉलर चालवण्याचा. बरेच जण एकाने जमलं नाही म्हणून त्यावरच दुसरा चढवतात. मग कर्नल मॉड्यूल एका आवृत्तीचं आणि वरचे प्रोग्राम दुसऱ्या आवृत्तीचे होतात. आधी पॅकेज काढून टाका, रीस्टार्ट करा, मग बिल्ड-इसेन्शियल आणि चालू कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणारी साधनं आणि फाइल्स) टाका, आणि शेवटी सीडीवरचा इन्स्टॉलर चालवा. मॉड्यूल बांधताना चूक झाली तर कारण व्हार फोल्डरातल्या लॉगमधल्या ‘व्हीबॉक्सॲड-सेटअप’ या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तिथे हेडर्स सापडले नाहीत असं तरी असतं, किंवा कर्नल गेस्ट ॲडिशन्सपेक्षा नवा असल्याने बांधणीच अडते. दुसऱ्या बाबतीत होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करून नवे गेस्ट ॲडिशन्स घेणं हाच इलाज. तोवर ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडून काम चालू ठेवता येतं. अपडेटनंतर मॉड्यूल नुसतं पुन्हा बांधायचं असेल तर ‘सुडो आरसीव्हीबॉक्सॲड सेटअप’ पुरेसं आहे.

खऱ्या लॅपटॉपवरचं लिनक्स डिस्कसकट व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवलं असेल, तर आत एनव्हिडियाची पॅकेजेस आणि ईटीसी फोल्डरातल्या एक्स११ मध्ये ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ ही फाइल उरलेली असण्याची दाट शक्यता. ती फाइल ग्राफिक्सला एनव्हिडियाचा ड्रायव्हर शोधायला लावते, कार्ड सापडत नाही, आणि डेस्कटॉप उठत नाही. फाइलचं नाव बदलून ठेवा आणि एनव्हिडिया नावाने सुरू होणारी पॅकेजेस पर्ज करा, म्हणजे त्यांच्या सेटिंग्जसकट काढून टाका.

राहिला वेलंडचा प्रश्न. वेलंड ही स्क्रीनवर विंडो दाखवण्याची लिनक्समधली नवी पद्धत, एक्सऑर्ग ही जुनी. उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिनच्या वेळी नावावर क्लिक केल्यावर खाली उजवीकडे दातेरी चक्र दिसतं. तिथून ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडून पाहा. काळी स्क्रीन किंवा तुटके तुकडे फक्त वेलंडमध्येच येत असतील तर तूर्तास एक्सऑर्गवर राहा. २५.१० पासून उबुंटूच्या ग्नोममधून एक्सऑर्गचं सत्र काढलेलं आहे, तिथे थ्रीडी बंद करणं किंवा दुसरा डेस्कटॉप घेणं हेच पर्याय उरतात. एखादंच ॲप बिघडत असेल तर लिबजीएल, ऑलवेज, सॉफ्टवेअर हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत, अधोरेषांनी जोडून, पुढे बरोबरचं चिन्ह आणि १ लिहून, त्याच ओळीत त्या ॲपचं नाव द्या. ते एकटं ॲप प्रोसेसरवर चालेल, बाकी सगळं तसंच राहील.

गेस्टमध्ये विंडोज

इथलं काम छोटं आहे. आतल्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ दिसत असेल तर ड्रायव्हर नाही. गेस्ट ॲडिशन्स टाका. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमवेअर टूल्स टाकल्यावर ‘व्हीएमवेअर एसव्हीजीए थ्रीडी’ असं नाव दिसायला हवं.

सगळ्यात चिवट प्रकार येतो तो मशीन व्हीएमवेअरमधून व्हर्च्युअलबॉक्समध्ये आणल्यावर. आत व्हीएमवेअर टूल्स राहिलेली असतात. नव्या घरी व्हीएमएसव्हीजीए निवडलं तर ओळखक्रमांक तोच, त्यामुळे विंडोज जुना व्हीएमवेअरचा ड्रायव्हर त्याच्यावर चढवू शकतं. मशीन हलवण्याआधी, जुन्या जागीच टूल्स अनइन्स्टॉल करा. आधीच हलवलं असेल तर थ्रीडी बंद करून, सेफ मोडमध्ये ती काढा, कंट्रोलर व्हीबॉक्सएसव्हीजीए करा आणि मगच गेस्ट ॲडिशन्स टाका.

खरं कार्डच गेस्टला द्यायचं असेल तर

व्हर्च्युअलबॉक्सकडून ही अपेक्षा ठेवू नका. लिनक्स होस्टसाठी असलेला पीसीआय पासथ्रू (खरं कार्ड थेट गेस्टला देण्याची सोय) ६.१ मध्ये काढून टाकला गेला. हे काम लिनक्स होस्टवर केव्हीएमने, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्याच व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने, होतं, आणि गेस्टमध्ये एनव्हिडिया किंवा एएमडीचा खरा ड्रायव्हर घालायची वेळ येते ती इथेच.

इथला संघर्ष ताब्याचा असतो. एका कार्डावर एका वेळी एकच ड्रायव्हर बसू शकतो. कार्ड गेस्टला द्यायचं तर होस्टवर त्याचा ताबा व्हीएफआयओ-पीसीआय या ड्रायव्हरकडे हवा, आणि बूट होताना नूवो (एनव्हिडिया कार्डांसाठीचा लिनक्सचा मुक्त ड्रायव्हर) किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या आधी त्याने तो घ्यायला हवा. म्हणून बायोसमध्ये इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं आयओएमएमयू चालू करा, कार्डाचे ओळखक्रमांक व्हीएफआयओच्या सेटिंगमध्ये लिहा, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या फाइलांचा गठ्ठा) नव्याने बांधा, आणि रीस्टार्टनंतर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ने ताबा कुणाकडे आहे ते पाहा. कार्डासोबत एचडीएमआयचा आवाज पाठवणारा भाग वेगळ्या क्रमांकाने दिसतो. तोही द्यावा लागतो. एकाच आयओएमएमयू गटात, म्हणजे मदरबोर्डने एकत्र बांधलेल्या संचात, असलेली उपकरणं सुटी करता येत नाहीत, आणि स्वस्त मदरबोर्डवर नेमकं इथेच अडतं. होस्टच्या स्वतःच्या स्क्रीनसाठी दुसरं कार्ड शिल्लक आहे ना, हे सुरुवात करण्याआधीच बघा.

विंडोज गेस्टमध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स कार्ड दिलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ येतो, त्यासाठी व्हर्च्युअल मशीन लपवायच्या युक्त्या करा, असे जुने लेख अजून फिरतात. २०२१ मध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने जीफोर्सवर हा वापर अधिकृतपणे खुला केला. आज कोड ४३ आला तर आधी गेस्टमधल्या ड्रायव्हरची आवृत्ती पाहा, आणि मग होस्टने कार्ड खरंच सोडलंय का ते तपासा.

लिनक्स होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र नोंद. कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन ताब्यात घेतं, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सचं मशीन सुरूच होत नाही असं होऊ शकतं, आणि इंटेल प्रोसेसरवर व्हीएमएक्स रूट मोडची चूक दिसते. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून ती जाणार नाही. केव्हीएम-इंटेल किंवा केव्हीएम-एएमडी हे मॉड्यूल ‘आरएममॉड’ने काढलं की मशीन सुरू होतं.

एवढं करूनही सुटलं नाही

मग मदत मागा, पण नुसतं ‘स्क्रीन काळी येते’ असं लिहून उत्तर मिळणार नाही. सुरुवातीला लिहून ठेवलेल्या चार गोष्टी द्या, ग्राफिक्स कंट्रोलरचं नाव आणि व्हिडिओ मेमरी लिहा, थ्रीडी चालू असताना काय होतं आणि बंद असताना काय होतं हे दोन वेगळ्या वाक्यांत सांगा, आणि मशीनच्या फोल्डरातल्या लॉग्जमधली व्हीबॉक्स डॉट लॉग ही पूर्ण फाइल जोडा. ती बिघाड झालेल्या वेळचीच असू द्या. मशीन प्रत्येक वेळी सुरू केलं की नवी फाइल तयार होते आणि जुनीच्या नावापुढे आकडा लागतो. त्या फाइलमध्ये तुमच्या विंडोज खात्याचं नाव आणि फोल्डरांचे पत्ते असतात, म्हणून सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी टाकण्याआधी ती एकदा वरपासून खालपर्यंत वाचा आणि स्वतःचं नाव बदलून टाका.